जुन्या गजावरच्या खुणा

पाइन फोर्क, केंटकी
मंगळवार, २ ऑक्टोबर १९८४

प्रिय हॉलिस,

मेमध्ये इस्पितळात पाठवलेल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या ठासणीच्या बंदुकीच्या नव्या गजावरच्या दोन्ही खुणा, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची, मी गज नळीत सोडून, नळीवरूनच घेतल्या. ते खोटं आहे. मी गज नळीत घातलाच नव्हता. जुना गज बाकावर ठेवला, शेजारी नवा ठेवला, दोघांची पितळी टोकं जुळवली आणि जुन्यावरच्या खुणा चाकूने नव्यावर उतरवल्या. हे आधी लिहून टाकते. मागे ठेवलं तर लिहिता लिहिता मी भिईन आणि कुठेतरी मधेच, सौम्य करून घालेन.

त्या गजाचं बाकी सगळं मी शिकले तसं केलं होतं. हिकरीच्या चिवट लाकडाचा ओंडका करवतीने कापला नाही, पाचर मारून फोडला. लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता जाते ना, ते खिडकीपाशी धरून तीनदा पाहिलं. पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून तो तीन सूत जाडीवर आणला, काचेने खरवडला, महिनाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. ठासायच्या टोकाला पितळी टोपी आणि तिच्यातून आडवा खिळा, दुसऱ्या टोकाला नळी पुसायच्या चिंधीसाठी आटे. दस्त्याखालच्या कड्यांतून तो इतका अलगद सरकला की तू म्हणालास, "ऑर्फे, नवरीपेक्षा करवली देखणी झाली बघ." फक्त खुणा राहिल्या होत्या. एप्रिलातल्या त्या शुक्रवारची दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेमबाजी क्लबची स्पर्धा. मी बंदूक पुन्हा मागितली तर डॅडी म्हणाले, "तेल लावून बांधून ठेवलीय ती. जुन्यावरून घे की, नळी काय रात्रीत वाढणारे?"

इथपर्यंत दोष त्यांचा म्हणता येईल. पण टोकं जुळवल्यावर जुना गज मागच्या बाजूला आखूड दिसला. चांगला बोटभर. नवा मी दस्त्याच्या मापाने पुरता केला होता, मग हा आखूड का, असा प्रश्न मला पडला. आई आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून गणित शिकवायची तेव्हा उत्तर जुळल्याशिवाय पुढच्या उदाहरणाला हात लावू द्यायची नाही. मी हात लावला. डॅडींना एकच गोष्ट दोनदा विचारली की ते चिडतात, यापलीकडे काही कारण नव्हतं.

सकाळी त्या गजाने ठासलेली पहिलीच गोळी. तू दारू ओतलीस, चिंधीत गोळी बसवलीस आणि खूण नळीच्या तोंडाशी आली तसा थांबलास. घरात आपल्या दोघांना तेच शिकवलंय. खुणेपाशी थांबायचं, पुढे दाबलं तर दारूचा भुगा होतो. खूण म्हणत होती की गोळी दारूवर बसली. गोळी दारूच्या वर अधांतरी होती, मधे पोकळी होती, आणि ती जुनी लोखंडी नळी तेवढ्याने फाटली. तुझा डावा हात नेहमीसारखा अगदी खाली, चापाजवळ होता. तुझी दोन बोटं गेली.

क्लबची कमिटी पत्र्याच्या शेडमध्ये चौकशीला बसली तेव्हा तू इस्पितळात होतास, म्हणून ते कसं झालं हे तू फक्त माझ्याकडून ऐकलंस. कमिटीतल्या वेर्नन टॅकेटने मला विचारलं, "पोरी, खुणा कशावरून घेतल्यास?" मी तोंड उघडायच्या आत डॅडी म्हणाले, "नळीवरून. आमच्या घरी दुसरी रीत नाही." मी होकाराची मान हलवली. मग ते स्वतःच म्हणाले, "घाई नडली पोराला." बापच म्हणतोय म्हटल्यावर कमिटीने आणखी काही पाहिलं नाही. फाटलेली नळी शेडच्या भिंतीवर टांगली, शेजारी गज, खाली पाटी: गोळी पुरती ठासली नाही, एच. स्टिडहॅम. किराणा दुकानात पिठाची पोती उचलणारी माणसंसुद्धा मला ऐकवायची, "काय गं, तुझ्या भावाला लग्नाची घाई नाही, गोळीची बरी होती." मी हसायचे. हेही तुला सांगायला हवं.

आणि तुझं उत्तर आलं. "खुणा नळीवरून घेतल्यास ना, मग माझाच हात कमी पडला. डॅडींचं बरोबर आहे." जूनमध्ये तू ओहायोला गेलास. चोवीस वर्षं ज्या हातावर तुझा विश्वास होता, त्याच्यावर तू माझ्या एका वाक्याने अविश्वास ठेवलास. तोवर मला खुणा चुकल्याचं नक्की माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. नक्की माहीत होऊ नये म्हणूनच मी पाच महिने त्या भिंतीकडे गेले नाही.

सप्टेंबरात वेर्नन घरी आला. नव्या सभासदांना ठासणीच्या बंदुकीचे नियम मी शिकवावेत म्हणाला. "तुझ्याइतकी काटेकोर दुसरी कोण आहे आपल्याकडे? तुझ्या भावाचंच उदाहरण दे, पोरांच्या डोक्यात बसेल." तयारीसाठी ती नळी आणि गज माझ्या हातात देऊन गेला. मी गज आत सोडला. रिकाम्या नळीची खूण तोंडाशी यायला हवी होती, ती आत गेली. एक इंच. नीट मोजलं तर एक इंच आणि एक सूत.

डॅडी रंधा मारत होते. मी विचारलं, "जुना गज कुठाय?"

"स्पर्धेनंतरच्या सोमवारी शेगडीत घातला. मोडका होता."

"मोडका नव्हता, आखूड होता."

मग निघालं. फेब्रुवारीत टोपीखालचं लाकूड चिरलं म्हणून त्यांनी टोक कापून टोपी पुन्हा बसवली होती आणि खुणा तशाच ठेवल्या होत्या. त्यांना स्वतःला खूण लागत नाही, हाताला कळतं. "विसरलो," म्हणाले.

मी म्हटलं, "शुक्रवारी विसरला होतात. सोमवारी शेगडीत घालताना आठवलं होतं."

रंधा थांबला नाही. "तुला काय हवंय? बंदुका घडवण्यात चाळीस वर्षांचं नाव आहे माझं. ते त्या शेडमध्ये नेऊन टांगू?"

"हॉलिसचं टांगलंत की."

"तो तरुण आहे. नवा गाव, नवं काम, विसरेल तो. आणि नव्या गजावर चाकू कुणाचा फिरलाय, तेवढं लक्षात ठेव म्हणजे झालं." जरा वेळाने, मी दारात पोचल्यावर, "बोलणार असशील तर कपडे बरोबर घेऊनच जा." दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मला घेवड्याची वाटी नेहमीसारखी पुढे केली आणि आपलं बंदुकांचं दुकान माझ्या नावावर करायचं ठरवलंय म्हणाले. ऑर्फाचा हात भरवशाचा आहे म्हणे.

हॉलिस, क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू क्षमा करशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मला गप्प बसणं सोपं जाईल. तू लगेच लिहिशील की जाऊ दे, डॅडी म्हातारे झालेत. ते उत्तर माझ्या हाती वेळेत पडू नये म्हणून हे पत्र मी आज लिहून ठेवतेय आणि टपालात टाकणार आहे गुरुवारी, अठरा तारखेला. तू येऊ नयेस. तुला बघून मी पुन्हा मान हलवीन अशी मला भीती वाटते. नियम शिकवायला उभी राहीन तेव्हा, सगळे सभासद आणि डॅडी पुढे बसलेले असताना मी तुझी नळी बाकावर ठेवीन, गज आत सोडीन, वेर्ननला खूण शोधायला सांगेन आणि ती कुणी केली, कशावरून केली हे माझ्या तोंडाने सांगेन. शरदातल्या स्पर्धेचा पहिला दिवस, शनिवार, २० ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजता.

तुझीच, जिच्यावर तू विश्वास ठेवलास ती बहीण,
ऑर्फा