शहर बघायचं राहिलं

ता. २, शनिवार

प्रिय राणीसरकार,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रात शेवटी तू एकच ओळ लिहिलीस, की तुम्ही परत येता की मी तिकडे येऊ? ती ओळ इतक्यांदा वाचली की खोलीतले बाकीचे सगळे चेष्टा करायला लागले. मला इथे येऊन तीन वर्षं झाली, तुझं काही चुकत नाही. पण असलं उत्तर पत्रातून देता येत नाही गं. परत यावं, तर तिकडे पावाची भट्टी कुठे, आणि मला दुसरं येतंय काय? इथल्या खोलीत आम्ही आठजण पाळीपाळीनं झोपतो, तुला टेकायलाही जागा नाही. आणि आईला एकटीला सोडून ये म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून असं कर. ता. १७ला रविवार आहे. सकाळच्या गाडीनं ये, संध्याकाळच्या गाडीनं जा. दिवसभर निवांत शहर बघू. आधी तलावात होडी, मग प्राणिसंग्रहालय, मग मनोरा. वर वारा फार छान असतो म्हणतात. तिथे बसून तुला उत्तर देईन. आईला नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो शिळा होऊ देऊ नकोस.

तुझा,
भट्टीवाला


ता. ७, गुरुवार

रा. रा. भट्टीवाले यांस,
स. न. वि. वि.

बेत वाचून हसू आलं. रात्रभर पाव भाजायचे, दिवसभर झोपायचं. तुम्ही तरी ते शहर उजेडात बघितलंय का कधी? वारा छान असतो ‘म्हणतात’, असं तुम्हीच लिहिलंय. आणि निघालेत मला दाखवायला!

येते. शिवणाचं काम शेजारणीकडे सोपवलंय. सासूबाईंना म्हटलं, शहर बघायला जाते. त्यांनी लगेच विचारलं, की शहरच बघायचंय तर नव्या कपड्यांना इस्त्री कोणासाठी चाललीय. त्यांच्यापासून काही म्हणून लपत नाही.

पण एक सांगून ठेवते. मला माकडं बघायची नाहीत, घरात तुमचे लहानपणीचे फोटो आहेत. मला उत्तर हवंय. फार आठवण येते हो तुमची. अजूनही चुकून तीन ताटं घेते आणि एक मांडणीवर परत ठेवते. सासूबाई बघतात आणि माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढतात.

कळावे, आणि न लिहिलेलंही ओळखावे.

तुमची,
राणीसरकार


ता. १८, सोमवार

प्रिय राणीसरकार,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी. खोलीवर गेलो तर अंथरुणाला पाठ लागेल, या भीतीनं भट्टीवरून थेट स्टेशनवर आलो, अंघोळसुद्धा केली नाही. होडीला रांग होती म्हणून जरा बाकावर टेकलो, आणि डोळे उघडले तेव्हा दिवे लागलेले! होडी नाही, माकड नाही, मनोरा नाही. तुझा अख्खा दिवस मी झोपून घालवला. हलवून उठवायचंस ना! धावतपळत तुला गाडीत बसवलं, तर तू खिडकीत बसून नुसती हसत होतीस. उत्तराचं विचारलंसुद्धा नाहीस. ही रागावली की काय, या काळजीत काल रात्री पहिला घाणा करपवला. मालकानं सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि खरं सांगू? मनोऱ्यावर चढलो असतो तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्यावाचून करमत नाही, एवढंच ठाऊक होतं. ते काही उत्तर नव्हे.

राग असला तर लिही, पण लिही.

तुझा,
कुंभकर्ण


ता. २४, रविवार

रा. रा. कुंभकर्ण यांस,
स. न. वि. वि.

रागावले नाही. उठवणारच होते, पण तुमची मान माझ्या खांद्यावर कलली आणि हात पुढे होईना. इतक्या जवळून तुम्हाला बघून किती काळ लोटला होता! मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत, ते कधी पत्रात लिहिले नाहीत. केस पांढरे दिसले म्हणून फुंकर मारून बघितली. पीठ होतं ते उडालं. थोडं पांढरं राहिलं.

दुपारी तहान लागली. उठायला गेले, तर पिशवीचा बंद तुमच्या मुठीत. एकेक बोट सोडवलं, तर झोपेतच पुन्हा घट्ट धरलात, लहान पोरानं धरावा तसा. मग बसले तशीच, कोरड्या घशानं. समोरून होड्या जात होत्या, येत होत्या. मला माझं उत्तर मिळालं होतं, म्हणून गाडीत हसत होते.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. मला तिकडे जायचंय आणि त्यांना टाकून जायचं नाहीये, असंही बोलून टाकलं. त्या अशा तडकल्या म्हणता! मला काय इथे भिंती राखायला ठेवणार आहात का, म्हणाल्या. पोरगं तिकडे बाकड्यावर झोपतंय आणि मी इथे कुलूप सांभाळू? लगेच ट्रंक काढून झटकायला घेतली. तेव्हा खोली बघा. लहान चालेल, पण दिवसा अंधार करता आला पाहिजे. कधी मिळेल कोण जाणे, पण सासूबाई ट्रंक काही माळ्यावर परत ठेवू देत नाहीत.

शहर राहिलं तर राहिलं. त्या दिवशीचे माझे कपडे अजून खुंटीवर आहेत. उजव्या खांद्याला तुमच्या केसांतलं पीठ लागलंय. सासूबाई रोज धुवायला मागतात. मी देत नाही.

लोभ आहेच, खोलीचं तेवढं बघा.

तुमचीच