ओटीतल्या नोटा

वेस्ट मांबलम, चेन्नई ३३
१५ एप्रिल २००७

प्रिय गोदा,

तुझी चार पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. डोळे आले होते, पाहुणे होते, अशी कारणं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही खरं नाही. प्रत्येक पत्रात तू लिहितेस की तुझ्यावर आळ आला तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये अक्का, म्हणजे मी, तेवढी तुझ्याशी बोलत राहिली. ते वाक्य आलं की मी पत्राची घडी करून तांदळाच्या डब्याखाली सरकवते. आज चारही कागद बाहेर काढून समोर ठेवलेत. मध्येच उठले तर पुन्हा बसायची नाही, म्हणून यांना सांगितलंय, आज तुमचं तुम्ही वाढून घ्या.

गेल्या वर्षीच्या माझ्या हळदीकुंकवापासूनच सुरुवात करते. मतदानाला दहा दिवस होते. हे कारखान्यातले केंद्र सरकारी नोकर, म्हणून यांना मतदान केंद्रावर मुख्य अधिकारी नेमलं होतं आणि रोज संध्याकाळी हे नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन पडत. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची महालक्ष्मी मामी आली. म्हणाली, तुमच्या गौरीला यंदा ओटीचं सगळं माझ्याकडून, ब्लाउजपीस, नारळ, विड्याची पानं, पिशव्याही भरून देते, देवीचं कार्य आहे, नाही म्हणू नका. तिचा नवरा रामस्वामी गटारांची कंत्राटं घेतो आणि निवडणुकीत एका उमेदवारामागे फिरतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बावीस बायकांच्या ओटीचा खर्च वाचतोय म्हटल्यावर मी एवढी हुरळले की मोबदल्यात तिला वाटल्या डाळीची कृती लिहून दिली! फुकट मिळालं की अक्कल गहाण पडते ती अशी.

पिशव्यांवर नावं होती. कोपऱ्यात पेन्सिलने बारीक आकडेही होते, चार, तीन, पाच. मला वाटलं दुकानदाराच्या खुणा असतील. तू गणिताची बाई, तुला ते एका नजरेत कळलं. तुझ्या पिशवीवर एक होता, कारण तुझा नवरा बोटीवर आणि मतदारयादीत तुझं एकटीचंच नाव. शेजारच्या रंजनीच्या आईच्या पिशवीवर चार, तिच्या घरात मतंही चार. तू ब्लाउजपीस नुसता बोटांनी चाचपलास, पिशवी परत माझ्या तबकात ठेवलीस आणि हळूच म्हणालीस, “वेण्डाम, अक्का.” बस, नको, एवढंच. कुंकू लावून घेतलंस, पन्हं संपवलंस आणि गेलीस. भरल्या हळदीकुंकवातून ओटी नाकारून गेलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. बाकीच्यांनीही नव्हती, म्हणून सगळ्यांनी नीट पाहून ठेवलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन तीन आकड्याची एक पिशवी उघडली. ब्लाउजपीसच्या घडीत पाचशेच्या तीन नोटा. बाहेर अजून अकरा बायका बसल्या होत्या. गोदा, त्या अकरा जणींना मी माझ्या हाताने पिशव्या दिल्या. कळलेलं असताना दिल्या. हसत दिल्या. थांबवायला हवं होतं, पण सवाष्णीला ओटीविना कसं उठवायचं हाच विचार त्या वेळी मोठा वाटला. रीत मोडायची भीती वाटली, कायदा मोडायची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मामीला जाब विचारला, तर ती बाई चक्क कौतुकाने समजावायला लागली. म्हणाली, कार्यकर्त्यांच्या हातून हजार रुपये वाटायला दिले की तीनशे वाटेतच खिशात जातात. शिवाय लोक दोन्ही पक्षांचे पैसे घेतात आणि करायचं तेच करतात. पण कुंकू लावून ओटीत घातलेला पैसा शेवटच्या घरापर्यंत पुरा पोचतो, आणि ओटी घेतलेली बाई देवीला स्मरून दुसरीकडे मत देत नाही. निम्मे आत्ता, निम्मे मतदानाच्या आदल्या दिवशी. आणि हा एवढा खर्च भरून कसा निघणार म्हणून विचारलं, तर हसून म्हणाली, गटारं काय दर पावसाळ्याला तुंबतातच! मला संताप आला तो याचा की त्यांनी मतं विकत घेतली ती हजाराला, आणि माझा हात घेतला तो फुकटात.

पुढचं तुला माहीत आहे. ते तुझ्यावरच गुजरलं. चौथ्या दिवशी निवडणुकीचं पथक आलं, मामीच्या घरातून पुढच्या हप्त्याच्या पिशव्या उचलून घेऊन गेलं. बिल्डिंगमधल्या घराघराचे उरलेले पैसे बुडाले. कोणीतरी फोन करून कळवलं होतं, आणि ते कोण हे ठरवायला कुणाला क्षणही लागला नाही. ओटी नाकारणारी एकच तर होती. शिकवणीची नऊ मुलं एकेक करून बंद झाली. पाण्याच्या लॉरीपुढे तुझी कळशी रांगेतून बाहेर काढून ठेवलेली मी खिडकीतून पाहिली. जुलैत तू सामान टेंपोत घालून सासूकडे तंजावरला निघालीस, तेव्हा मी खाली येऊन तुला लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. तू माझे हात धरून रडलीस. मी हात सोडवून घेतले, ते तुला कळलं का गं?

गोदा, तो फोन मी केला होता. मांबलम स्टेशनजवळच्या टेलिफोन बूथवरून. प्रामाणिकपणाने केला म्हणून सांगू नकोस कुणाला. दुसरं कुणी आधी बोललं, तर पैसे अधिकाऱ्याच्याच घरात वाटले गेले म्हणून यांची नोकरी जाईल, या भीतीने केला. मामीच्या घराचा नंबर सांगितला, माझ्या घराचं नाव काढलं नाही. आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, तेव्हा संन्याशाला लोणचं बांधून दिलं.

यंदाच्या चैत्रात कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणाला निघाले, आणि पहिल्याच दारात पाय अडला. घरी परतले. यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, पेन्शनला चार वर्षं आहेत. मग उठून करंडा माझ्या हातात दिला. मी बावीस दारांत गेले. प्रत्येक दारात कुंकू लावायच्या आधी सांगितलं, गोदाने नाही, मी. मामीने दार लावून घेतलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि कुंकू लावून न घेताच आत गेल्या.

परवा शुक्रवारी हळदीकुंकू झालं, म्हणजे मी केलं. परातभर डाळ, दोन पातेली पन्हं, आणि सतरंजीवर एकही बाई नाही. दिवे लागायच्या वेळी रंजनीची आई आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी करंडा पुढे केला, तर तिने मान हलवली. तिला फक्त तुझा तंजावरचा पत्ता हवा होता. म्हणाली, रंजनीला गणितात पस्तीस पडलेत आणि मला गोदाची माफी मागायची आहे. मी पत्ता लिहून दिला. तिचं पत्र उद्या पेटीत पडेल. ते तुझ्या हाती येण्याआधी हे यावं, तुला हे तिच्याकडून नव्हे तर माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. मला उत्तर देऊ नकोस. तिला दे.

तुझीच म्हणवून घ्यायला आता तुझी परवानगी लागेल,
अलकनंदा