राखीव क्रमांक एक

९ सप्टेंबर, सोमवार
राज्यशास्त्र विभागाच्या फलकावर नोटीस लागली. राज्याच्या राजधानीत, हेलेनाला, विधानसभेत इंटर्नशिप. आमच्या कॉलेजातून दोघं. जानेवारी ते एप्रिल आमदारांच्या हाताखाली काम. मोंटानाची विधानसभा दोन वर्षांतून एकदाच बसते. पुढच्या खेपेला मी पदवीधर होऊन बाहेर पडलेला असेन. म्हणजे आयुष्यात एकच संधी. अशा वेळी मला घेणार नाहीत हे शक्यच नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आमच्या गावच्या, डीअर कूलीच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. आश्रम उन्हाळ्यापर्यंत बंद होणार असं ती तीन वर्षं सांगतेय, यंदा खरंच दिसतंय. राज्य सरकार माणसामागे जे देतं त्यात भागत नाही, वगैरे. सविस्तर सांगत होती. मी तेवढ्यात अर्ज शोधत होतो. शेवटी म्हणाली, एमेट, तू आत गेलास तर कुणाच्या तरी कानावर घाल रे. मी म्हटलं, घातलंच समज.

११ सप्टेंबर, बुधवार
अर्ज मिळाला. चार पानं, दोन शिफारसपत्रं, पाचशे शब्दांचा निबंध. शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. हाताशी चौतीस दिवस. रोज पंधरा शब्द लिहिले तरी पाचशेदहा होतात. दहा शब्द कापायला वेगळा वेळ काढावा लागेल.
आज सुरुवात नाही. आज नियोजन.

१७ सप्टेंबर, मंगळवार
विधानसभेत कोट-टाय सक्तीचा आहे. जुन्या कपड्यांच्या दुकानातून हिरवा टाय आणला. माझा रूममेट टोबिन याला गाठ मारता येते. त्यानं चार वेळा शिकवली. पाचव्यांदा म्हणाला, गाठ सोडूच नकोस, टाय डोक्यावरून उतरव आणि तसाच खुंटीला अडकव.
निबंध: शीर्षक तयार. ‘मी आणि लोकशाही’. तीन शब्द. हिशेबानं सत्त्याऐंशी शब्द मागे आहे. पण शीर्षकाचा शब्द साध्या शब्दापेक्षा वजनदार धरायला हवा.

२२ सप्टेंबर, रविवार
घरी आलोय. आईनं गावभर सांगितलंय.
चर्चनंतरच्या कॉफीला अकरा जणांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. अजून निवड व्हायचीय, हे सांगायला प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ताटलीत अ‍ॅपल पायचा तुकडा वाढला. भरल्या तोंडानं बोलू नये हे आईनंच शिकवलंय.
दुपारी आश्रमात गेलो. हॅल्व्हर आजोबांनी, वय एक्क्याण्णव, हात धरून खाली बसवलं. म्हणाले, लिहून घे, तिथं वाचून दाखव. मी फोनवर टाइप केलं. १. काउंटीचा रस्ता. २. टपाल शनिवारीही यावं. ३. दर मार्चमध्ये सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढं करण्याचा चावटपणा बंद. ४. हरणांची संख्या. ५. सूपमध्ये मीठ. ६. आमचा आश्रम बंद करू नका, आता जायचं कुठं.
पाचवा मुद्दा आईनं स्वयंपाकघरातून ऐकला. म्हणाली, डॉक्टरांनी मनाई केलीय तुम्हाला. आजोबा म्हणाले, म्हणून तर वरपर्यंत जातोय.
साप्ताहिकाच्या संपादक बाई कॅमेरा घेऊन आल्या. फोटो काढू दिला. टाय आणला नव्हता याचं वाईट वाटलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
आईनं टपालानं अंक पाठवला. पहिल्या पानावर, गव्हाच्या भावाखाली मी. ‘आपला एमेट लुंडी विधानसभेत’. बातमीत ‘जानेवारीपासून काम करणार आहे’ असं आहे. भविष्यकाळ. म्हणजे खोटं असं काही छापलेलं नाही.
जेवण गेलं नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार
शिफारशींचा दिवस. प्रोफेसर ओडेगार्ड मॅडमकडे गेलो. त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, तू माझ्याच वर्गात आहेस का? आहे, मागच्या बाजूला, अधूनमधून. म्हणाल्या, लिहीन, पण काय लिहू ते तरी सांग. मी म्हटलं, नेतृत्वगुण. त्या म्हणाल्या, कशात? हॉस्टेलच्या कपडे धुण्याच्या मशीनसमोर रांग लावायची पद्धत मीच सुचवली होती, ते सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून प्रभावित वाटल्या.
दुसरी शिफारस किराणा दुकानाच्या मॅनेजरची. गेल्या उन्हाळ्यात पाच आठवडे मी तिथं माल लावत होतो. त्यानं उभ्या उभ्या लिहून दिलं: ‘एमेट उंच आहे. वरच्या फळीपर्यंत हात पोचतो. बहुतेक वेळा वेळेवर यायचा.’ मी विनंती केली, ‘बहुतेक’ खोडा. त्यानं अख्खं वाक्य खोडलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
वर्गातली मॅरिट सोल्हाइम तिचा निबंध वाचून दे म्हणाली. तीही अर्ज करतेय. सगळा निबंध शाळेच्या बसबद्दल. तिच्या गावची मुलं रोज दोन तास जाताना, दोन तास येताना बसमध्ये असतात. तिनं ड्रायव्हरशेजारी बसून थांबे मोजले, कोणता वाचवता येईल ते लिहिलं. लोकशाही हा शब्द कुठंच नाही. मी प्रेमानं समजावलं की सुरुवात देशाच्या घटनेपासून कर, बस शेवटी आण. ती थँक्स म्हणाली. लिहून काही घेतलं नाही.
बिचारी. दुसरी जागा तिला मिळावी असं मी मनापासून ठरवून टाकलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी २
निबंध: एक्केचाळीस शब्द. उद्या मुदत संपते.
वर्ग बुडवून बसलोय. आता थांबायचं नाही.

दुपारी ४
पाचशे दोन. ‘लोकशाही’ एकोणीस वेळा आलीय. टोबिन वाचून म्हणाला, यात तू कुठं आहेस? मी म्हटलं, शीर्षकात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
मुदत पाचपर्यंत. अर्ज चार अठ्ठावन्नला पाठवला. सहज अर्जासोबत गेलेली फाईल उघडून पाहिली. तो निबंध नव्हता. मग गेली ती कोणती?
गेली ती फोनवरून कॉम्प्युटरवर उतरवलेली हॅल्व्हर आजोबांची यादी. घड्याळं, हरणं, सूप.
विभागात धावत गेलो. सव्वापाचला दार बंद. दाराला तोंड लावून हाक मारली. झाडूवाली बाई म्हणाली, बाळा, सगळे गेले घरी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
मुलाखतीला बोलावलंय! ओडेगार्ड मॅडम म्हणाल्या, तुझी ती यादी समितीला आवडली, फार दिवसांनी कुणीतरी लोकांचं ऐकून लिहिलंय. मी म्हटलं, मुद्दामच तसा मांडला निबंध. सरळ, साधा, जमिनीवरचा. हे बोलताना मला स्वतःला पटत गेलं.
आईला फोन केला. ती आश्रमाबद्दल सांगायला लागली, आकडे वगैरे. मी म्हटलं, आई, तयारीत आहे, नंतर.

३० ऑक्टोबर, बुधवार
मुलाखत झाली. टाय डोक्यावरून चढवला. समोर तिघं. पहिला प्रश्न सहाव्या मुद्द्यावर: राज्य या आश्रमाला माणसामागे रोज किती देतं आणि खर्च किती येतो? मी म्हटलं, पुरेसं देत नाही. हो, पण किती? मी म्हटलं, बरंच कमी. हे कोणत्या समितीपुढं येईल? संबंधित समितीपुढं. मग एक गृहस्थ जरा मवाळ आवाजात म्हणाले, आई तिथंच काम करते ना, किती माणसांचा स्वयंपाक करते? मी ठणकावून सांगितलं, वीस. बाहेर आल्यावर आठवलं, वीस दोन वर्षांपूर्वी होते. आता चौदा आहेत.
एकंदरीत छान झाली. शेवटी तिघंही हसले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
ईमेल आलं. निवड: मॅरिट सोल्हाइम आणि कुणी क्लेमेंट ऑर. एमेट लुंडी: राखीव क्रमांक एक.
राखीव, पण क्रमांक एक. म्हणजे कितीतरी जणांच्या पुढे. अर्ज एकूण किती आले होते, ते मॅडमना विचारायला गेलो.
तीन.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
आईला अजून सांगितलेलं नाही. निवडलेल्यांपैकी कुणी गळलं तर राखीव माणूस केव्हाही आत जाऊ शकतो. आज सांगून उद्या बदलायचं म्हणजे तिला दोनदा त्रास.
मॅरिटला सर्दी झालीय. तिला संत्री नेऊन दिली. छातीत दुखतं का विचारलं. ताप किती विचारलं. डॉक्टर काय म्हणाले विचारलं. ती म्हणाली, एमेट, मी मरत नाहीये.
मला स्वतःची लाज वाटली. क्लेमेंट ऑर कुठं राहतो ते मात्र विचारून घेतलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंगला घरी. आज सांगायचंच असं ठरवून आलो होतो.
टर्की कापायच्या आधी आईनं बातमी दिली: आमदार लेनोरा स्टक्की आश्रमांसाठी विधेयक आणतायत, जानेवारीत सुनावणी. म्हणाली, देवानं तुला बरोबर वेळेला तिथं धाडलं. तू असशील ना रे सुनावणीला? मी म्हटलं, असेन.
हे खरंच आहे. प्रेक्षक गॅलरी सगळ्यांना खुली असते.
जेवणानंतर हॅल्व्हर आजोबांनी त्यांची चामड्याची बॅग दिली. धान्य तोलायच्या काट्यावर काम करायचे तेव्हाची. त्यांनी ती स्वतः पुसून चकाचक केली होती. मी ती उघडून आत बराच वेळ बघत बसलो, म्हणजे कुणाकडं बघावं लागलं नाही.

६ जानेवारी, सोमवार
अधिवेशन सुरू झालं. ओळखीच्या एकाच्या गाडीतून हेलेनाला गेलो. कोट, टाय, बॅग. दिवसभर गॅलरीत. खाली मॅरिट कागदांचा गठ्ठा घेऊन पळत होती, गळ्यात ओळखपत्र.
मधल्या वेळात आईला कॉरिडॉरमधून फोन केला, मागे गलबला ऐकू यावा म्हणून. तिनं विचारलं, दमलास का? म्हटलं, थोडा.
सुरक्षारक्षकानं तीनदा विचारलं, कुणाकडं आलात? तिसऱ्यांदा म्हटलं, वाट बघतोय. कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
आईचा फोन. सुनावणी २२ तारखेला. ती स्वतः येतेय, बोलायचंय म्हणाली. आत तुझी ओळख आहे, बोलणाऱ्यांत तेवढं माझं नाव घालून ठेव.
कॉलेजात मॅरिट भेटेना. ती तिकडंच असते. फोन लावला आणि सगळं ओकलो. गाव, बातमी, बॅग, गॅलरी. म्हटलं, पाया पडतो, आईचं नाव कुठं घालता येतं का बघ, तू म्हणशील ते करीन.
मॅरिट म्हणाली, ओळख कशाला लागते? दाराशी कागद ठेवलेला असतो. त्यावर नाव लिहायचं आणि आपली पाळी आली की बोलायचं. कुणीही बोलू शकतं. कायम असंच आहे.
मी विचारलं, इंटर्नना बोलता येतं का?
ती म्हणाली, नाही. फक्त इंटर्नना येत नाही.

२२ जानेवारी, बुधवार
थंडी उणे दहा. आई सकाळी आश्रमाची गाडी घेऊन आली. एवढ्या लांब बर्फातून तीच चालवत. कोटाखाली तिचा चर्चचा निळा ड्रेस. पायऱ्यांवर मला बघून हसली, माझी कॉलर सरळ केली. म्हणाली, आधी तुझं टेबल दाखव. मग पुढचं.
मी म्हटलं, टेबल नाही. मग थांबता येईना. राखीव, तीन अर्ज, नोव्हेंबर, सगळं सांगितलं. पायऱ्यांवरच. लोक बाजूनं जात होते.
आईनं हातमोजे काढले. एक, मग दुसरा. म्हणाली, फोनवर मागं तो आवाज कसला असायचा? मी म्हटलं, इथलाच. मी खरंच इथं यायचो. नुसता बसायचो.
आईनं अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला आणि ती आत गेली.
दाराशी मॅरिट होती. तिनं कागद पुढं केला. आईनं लिहिलं: आर्डिस लुंडी, स्वयंपाकीण.
दोन मिनिटं मिळतात. आईनं कागद न बघता सांगितलं. राज्य किती देतं. खर्च किती येतो. चौदा माणसं, त्यांतल्या कितीजणांना भरवावं लागतं. जवळचा दुसरा आश्रम किती मैलांवर, आणि तिथं गेलेल्या सहा जणांपैकी आज किती हयात आहेत. हेच सगळं ती मला तीन वर्षं फोनवर सांगत होती. एका आमदारानं मध्येच विचारलं, बाई, हा आकडा कुठून आणलात? आई म्हणाली, वाढते मी, साहेब. मोजूनच वाढते.
अध्यक्षांनी विचारलं, विधेयकाच्या बाजूनं आणखी कुणी? मी मागच्या रांगेत दोन कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. उठलो. का ते माहीत नाही. माईकपाशी गेलो, कोटांसकट. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हटलं, आई म्हणाली ते बरोबर आहे. मला माहीत असायला हवं होतं, पण मी ऐकलं नाही.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, नोंद घेतली.

मतदान पुढच्या आठवड्यात. आमदार स्टक्की म्हणाल्या, अगदी काठावर आहे, सांगता येत नाही.
आईनं कॉलेजपर्यंत सोडलं. वाटेत रेडिओसुद्धा लावला नाही. मी दोनदा सॉरी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, ऐकलं पहिल्यांदा.
उतरताना मी तिला सांगितलं, आता मी नीट विचार करून पुढचं ठरवणार आहे, बहुधा कायद्याचं शिक्षण. तिनं काच खाली केली. म्हणाली, शनिवारी भांड्यांना माणूस नाहीये. येत जा. अर्ज लागत नाही.
मी म्हटलं, वेळापत्रक बघून कळवतो.
ती म्हणाली, सकाळी सातला.