शिळं पाणी

नांदगाव,
७ मे २०२५

प्रिय सुमन,
अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तू आणलेल्या तांदळाचा भात काल केला, वास शेजारापर्यंत गेला. दीपकराव कसे आहेत? हर्षालीचा निकाल लागला का?

फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की मी गोड बोलते आणि खरं राहून जातं.

आमच्या वस्तीत टँकर आता पाचव्या दिवशी येतो. तुला त्यातलं काय कळणार म्हणा! तुमच्या त्र्यंबकच्या डोंगरात तुझ्या परसातला झरा मे महिन्यातही आटत नाही. जळते मी तुझ्यावर. आणि तक्रार तरी कुणाकडे करू? दोन स्थळं एकदमच आली होती. थोरली म्हणून अण्णांनी आधी मला विचारलं. नांदगावला रेल्वे आहे, बाजार आहे, म्हणून मी हे घेतलं. वर मीच म्हणाले, ‘त्या चिखलात सुमनला द्या.’ तू उरलेलं मुकाट्यानं घेतलंस आणि झऱ्याची मालकीण झालीस.

आखाजीच्या सणाला तू आलीस, पितरांची घागर आपण दोघींनी पुजली. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तू माझे दोन्ही हंडे अंगणात ओतून, लख्ख घासून पालथे घातलेस. ‘ताई, शिळं पाणी होतं गं.’ आईनंच लावलेली सवय. तीन दिवस पुरवायचं पाणी होतं ते, सुमे! मी हसून ‘असू दे’ म्हटलं, आणि तू गेल्यावर तांब्या घेऊन शेजारच्या भागीबाईच्या दारात गेले.

परवा इथे नव्या धरणाची सुनावणी झाली. तुमच्याकडे पाणी अडवून बोगद्यातून इकडे आणायचं, तेच धरण. तुमची माणसं नको म्हणतात, आमची हवंच म्हणतात. बचत गटातर्फे मी उभी राहिले. लिहून नेलेलं हातातच राहिलं आणि तोंडून निघालं, ‘त्यांना पाण्याची काय किंमत? शिळं म्हणून हंडेच्या हंडे ओतून देतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.’ खूप टाळ्या पडल्या. साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर भागीबाई म्हणाली, “शके, लय भारी बोलली तू. कोण हाय गं ती हंडे ओतणारी?”

मी म्हटलं, “हाय एक लांबची.”

बुडितात जाणाऱ्या घरांची यादी भिंतीवर लावली होती. ती मी नंतर वाचली. खोटं कशाला लिहू, बोलायच्या आधीच वाचली होती. तुझं घर सातवं आहे.

तुमच्याकडची सुनावणी अठराला आहे म्हणे. हे पत्र तिथे मोठ्यानं वाच. त्यांना कळू दे की हंडे ओतणारी तू आणि चुगली करणारी मी. पाणी तर मला हवंच होतं, पण तुझा झरा जावा असंही वाटत होतं. ते वाटणं मी मागे घेते. धरण मला अजूनही हवं आहे, ते मात्र खोडत नाही.

पुढच्या आखाजीला येशील ना? हंडे ओतलेस तरी चालेल.

तुझी सख्खी बहीण,
शकू