फ्लॅश न मारता कबड्डी

८ डिसें., रवि. धुळे

आज माझ्यामुळे पोरी हरल्या. सरळ लिहून टाकते.

जळगावच्या कर्णबधिर शाळेची मुलींची कबड्डी टीम, इथल्या हॉलमध्ये मॅच, फोटो काढायला मी. यांच्या खेळात शिट्टी काय कामाची? चढाई संपली की पंचांच्या टेबलावरचा दिवा लखकन लागतो. शेवटच्या चढाईला कॅप्टन पूनम. दोघींना शिवून मध्यरेषेकडे वळली होती. हॉलमध्ये उजेड कमी, मी सवयीने फ्लॅश मारला. ती जागच्या जागी थांबली. तिला वाटलं दिवा लागला, चढाई संपली. तेवढ्यात चौघींनी तिला खाली पाडलं.

एका गुणाने गेली मॅच. साखळी सामना होता म्हणून अजून स्पर्धेत आहेत, नाहीतर...

कोच जयश्रीताईंनी पूनमला हात देऊन उठवलं. पूनमने आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. तो फोटो एकदम शार्प आलाय. डिलीट करवत नाही, बघवतही नाही.

१० डिसें., मंगळ. जळगाव

शाळेत गेले. जयश्रीताईंना म्हटलं, "माफी मागायचीय. खुणेने कसं सांगतात?" त्यांनी दोनदा करून दाखवलं. पूनमसमोर मी केलं ते बहुतेक चुकलं, कारण ती हसली. मग तिनेच वहीत लिहून दिलं : *२२ ला या. उजेड नको.*

निघताना जयश्रीताई म्हणाल्या, "तिच्या घरी तिचा खेळतानाचा एकसुद्धा फोटो नाही हो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं."

ठरलं. २२ च्या मॅचला जाणार. फ्लॅश घरी.

पण लग्नाच्या कामाची माझी झूम लेन्स त्या हॉलमध्ये f/5.6 वर जेमतेम १/८० सेकंद शटर देते. पळणारी पोर म्हणजे नुसता पांढरा फराटा. लेन्स बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

१४ डिसें., शनि.

पारसभाऊंच्या दुकानात दोन तास. त्यांनी काचेवर दोन लेन्स मांडल्या. एक ७०-२०० f/2.8, चांगली दुधीभोपळ्याएवढी. दुसरी ८५ f/1.8, मुठीत मावते, f चा आकडा लहान म्हणून उजेड जास्त घेते, पण झूम नाही.

"ताई, तुमचं सगळं काम लग्नाचं. मोठी घ्या. स्टेजवरचंही येईल, दारातलंही येईल. या छोटीत काय, नवरी पुढे आली की तुम्हीच मागे सरका!"

खरं आहे त्यांचं. तरी दोन्ही ट्रायलला मागितल्या. दिल्या. सोमवारी एक परत.

घरी पप्पांना दाखवल्या. वरणगावच्या फॅक्टरीत तपासणीत नोकरी केलेला माणूस. "दुकानातल्या उजेडात काय कळणार तुला? दोघींचं माप एकाच जागी, एकाच अंधारात घे."

१५ डिसें., रवि.

शाळेचा हॉल. पडदे ओढले, दोनच ट्यूब चालू. मुली वसतिगृहातच असतात, सगळ्या धावत आल्या. पूनमला वीस वेळा तरी पळवलं. तिसाव्या वेळीही पळाली असती, असा तिचा चेहरा होता.

ISO ६४०० दोन्हींना. मोठीने १/३२०. चेहरा छान, हात मात्र पुसट. कबड्डीत हातच पुसट आला तर उरलं काय? छोटीने १/८००. नखं दिसतात! पण निम्म्या फोटोंत पाय कापले गेले. पूनम जवळ आली की फ्रेममध्ये मावतच नाही. मोठीने एका जागी बसून सगळं मिळालं असतं. मनगटही दुखलं असतं म्हणा.

संध्याकाळपर्यंत डोकं फिरलं. शेवटी, ८५. पाय कापले तर कापले.

१६ डिसें., सोम.

मोठी परत. पारसभाऊ : "लग्नात पस्तावाल हां ताई." "पस्तावले तर तुमच्याच दुकानात येईन, भाऊ."

१९ डिसें., गुरु.

सराव. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर दिवेलागणीला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा टिपल्या. एक रिक्षावाला ब्रेक मारून खाली उतरला. "ताई, चलन फाडताय का?" नाही भाऊ, फोटो शिकतेय म्हटलं. मग बिचाऱ्याने मुद्दाम तीन चकरा मारल्या. दहातले सहा शार्प. परवा चार होते.

२२ डिसें., रवि. धुळे

लवकर पोचले. हॉल सांभाळणाऱ्या आबांना विचारलं, अजून एखादा दिवा? "बठ्ठा दिवा लायेल शेतस ताई. आखो कोठून लऊ?" सगळे लावलेत म्हणे. बरं.

समोरच्या टीमच्या अंगाला, कोपऱ्यात जमिनीवर बसले. पंचांच्या दिव्यापासून लांब. पूनमला रिकामा हॉट-शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, बोट लावून दाखवला. तिने मान डोलावली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

पहिल्या हाफमध्ये काही नाही. पाय कापलेले, एकदा तर फक्त वेणी. मागे सरकायला भिंत. मग ठरवलं, तिच्या मागे धावायचं नाही. एकच जागा धरायची, ती येईल तेव्हा येईल.

आली. उजवा हात पूर्ण ताणलेला, दात आवळलेले, समोरचीच्या खांद्यापासून बोटं दोन इंचांवर. १/८००.

दोन गुणांनी जिंकल्या, उपांत्य फेरीत गेल्या. मी ओरडले ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण दिसलं असावं. पूनमने येऊन पाठीत दणका घातला.

कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. तिने कॅमेरा हातात घेतला. मोठा केला, बोटं बघितली, हसली. मग तिच्या मागच्या धुरकट ठिपक्यांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन... सहा मोजले. माझ्या हातावर पेनने लिहिलं : *या पण मी. आम्ही सात.*

लेन्स एवढी उघडली की मागचं धूसर होतंच. f/1.8 ने पूनम दिली आणि बाकीच्या सहा पुसून टाकल्या.

२३ डिसें., सोम. जळगाव

हातावरचं पेन अंघोळीतही निघालं नाही.

सकाळपासून गणित मांडतेय. f/4 केलं तर मागच्या थोड्या उमटतील, पण शटर १/१६० वर येऊन पूनमचाच हात जाईल. मोठी लेन्स आणली असती तरी सहा जणी पुसटच. मग सातही जणी स्पष्ट मावतील अशी रुंद लेन्स घेऊन अगदी रेषेला खेटून बसायचं? अंगावर येतील. येऊ देत.

उपांत्य फेरी जानेवारीत. रेषेला लागून बसू देतील का, हे पंचांना विचारायला जयश्रीताईंना सांगितलंय. अजून फोन नाही.