अंगणातला बोर्ड

नोव्हाय, अमेरिका, ऑक्टोबर १९९४, संध्याकाळ

सिनेटच्या निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना थंडी म्हणून चहा-चिवडा दिला. निघताना ते काहीतरी म्हणाले, नीट कळलं नाही म्हणून मी नुसती हसले. तर तो होकार समजून त्यांनी अंगणात उमेदवाराचा बोर्डच रोवला! हा उमेदवार म्हणतो, भावंडांना इकडे बोलावणं बंद करा. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमाचा अर्ज कधीचा पडून आहे.

"मॉम, यू फेड हिम!" लेक हसली. हे म्हणाले, "राहू दे गं, शेजारी काय म्हणतील?" चहा दिला म्हणजे मत दिलं का?

मघाशी नागपूरहून सुमाचा फोन. "ताई, होईल ना गं माझं?" हो म्हणताना खिडकीतून तो बोर्डच दिसत होता. फोन ठेवला, चपला अडकवल्या, उपटून आणला. शेजारीण बघत होती. बघू दे.

ते गृहस्थ परत आले तर? चहा विचारेनच. मग बोर्ड त्यांच्या हातात देईन.