पॅन्टला भोक नाही

मंगळवार, दिवेलागण

ठिणगीचा चटका म्हणे. ह्यांना परदेशी धाडणारा तो एजंट मला शिकवतो. वीस वर्षं साखर कारखान्यात वेल्डिंग केलं आमच्या ह्यांनी, सगळे चटके मीच धुतले. ठिणगी लगेच झोंबते, कपडा जाळते. ह्यांच्या मांडीवरचा हा चटका आठ दिवसांनी उठला आणि पॅन्टला भोक नाही.

त्या देशाचं पहिलंच अणुवीज केंद्र बांधतायत, तिथं आमचे हे पाइप जोडतात. जोड तपासायला एक्स-रेसारखं किरणांचं मशीन येतं. आज फोनवर म्हणाले, "मशीनजवळ चमकता नट पडेल व्हता, खिसामा टाकी दिधा." कारखान्याचीच सवय, पडलेला नट उचलून जमा करायचा. त्या दिवशी दिवसभर तो खिशात, आठ दिवसांनी चटका. पॅन्टला भोक नाही आणि मांडी काळी पडली.

एजंटला विचारलं, तो नटच होता का, का त्या मशीनमधलंच काही? "मलम लावाले सांगा, वहिनी." एवढंच. दवाखान्यात का नेलं नाही अजून? ह्यांचा आवाज किती बारीक झालाय.

उद्या शहाद्याला एजंटच्या ऑफिसात जाऊन तोंडावर सांगते: खिशात काय होतं आणि ह्यांना कुठल्या दवाखान्यात नेतोस, शुक्रवारपर्यंत मला लिहून दे.